नानांच्या मूत्रपिंडांची कीर्ती

कुमासी
ता. १२ जून २००६

ती. बाबांस,
आबेनाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची खुशाली विचारायला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही खुशाल आहात हे ट्रोट्रोची प्रवासी गाडी चालवणाऱ्या यावनं कळवलं. तो इस्पितळात आमच्या वॉर्डाच्या फाटकाशी याम कंदांचं पोतं टाकायला आला होता. म्हणाला, गेल्या रविवारी असुबेन्सोच्या दरबारात पितरांना श्नॅप्स दारू वाहिली, ढोल बडवले, दोन मेंढरं कापली, आणि हे सगळं आपल्या राजाच्या, नानामामांच्या मूत्रपिंडांच्या सन्मानार्थ. कशाच्या, म्हणून मी दोनदा विचारलं. तेव्हा त्यानं पोतं खाली ठेवून दोन्ही हातांनी स्वतःच्या कमरेवर थापट्या मारून दाखवल्या.

बाबा, माझ्या आठवणीप्रमाणे आमच्या डॉक्टर दापांना मी हातापाया पडून तिकडे पाठवलं होतं ते वाईट बातमी द्यायला. ते परत येऊन म्हणाले की त्यांनी सगळं साफ सांगितलं, आणि ऐकून दरबारानं टाळ्या वाजवल्या. बिचारे अजून विचार करताहेत की आपलं काय चुकलं. ते किनाऱ्याकडचे आहेत, त्यांना तुमची रीत ठाऊक नाही. मला आहे. नानांशी कोणी बोललं तर ते शब्द आधी तुमच्या कानात जातात आणि तुमच्या तोंडून नानांपुढे येतात. आत जाताना ते उघडे असतात आणि बाहेर येताना त्यांना अंगभर दागिने असतात. चाळीस वर्षं तुम्ही नानांचे ओच्यामे आहात, त्यांचं तोंड आहात. त्या तोंडाला एकच विचारायचंय. तुम्ही नक्की काय सांगितलंत?

डॉक्टरांनी सांगितलं ते इथं पुन्हा लिहिते, म्हणजे गोंधळ नको. वीस वर्षांच्या साखरेच्या आजारानं मामांच्या मूत्रपिंडांतल्या गाळण्या खराब होत चालल्या आहेत. सुरुवातीला त्या गरजेपेक्षा जास्त राबल्या. मग त्यांची भोकं सैल झाली आणि रक्तातलं चांगलं सत्त्व लघवीतून वाहून जायला लागलं. म्हणून फेस येतो. आता त्या जागी घट्टे पडताहेत. तीन वर्षांपूर्वी शंभरातलं सत्तर काम होत होतं, आता एक्केचाळीस होतं. असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत मामा माझ्या वॉर्डात रक्त गाळायच्या मशीनला लागतील, आणि माझ्याकडे मशिनी चार आणि माणसं चाळीस आहेत.

रक्तदाबाची गोळी रोज, साखरेची रोज. खारवलेला मासा बंद. स्टँडवरचा फेरीवाला गुडघ्यासाठी विकतो त्या लाल-पिवळ्या गोळ्या तर आजपासून बंद, त्या मूत्रपिंडांचा सरळ गळा दाबतात. हे सगळं मामांना समजलंय का, एवढंच कळवा.

तुमचा गुडघा कसा आहे? राजवाड्यात रांधणाऱ्या पायसवा मावशीला सांगा की भेंडी पोचली. रागावले आहे, पण माया तितकीच ठेवा.
तुमची,
आबेना


असुबेन्सो
ता. २० जून २००६

चि. आबेनास,
बापाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फर्मानच ते. तुझी आईसुद्धा रागावली की नमस्कार तेवढा ठसठशीत घालायची.

मी काय सांगितलं ते ऐक आणि यातला एक शब्द तरी खोटा आहे का ते तूच मला दाखव. मी म्हणालो की नानांची मूत्रपिंडं इतकी कष्टाळू आहेत की इतरांची झोपेत असताना ती दुप्पट राबली. मी म्हणालो की ती इतकी उदार आहेत की सामान्य माणसाची जे सत्त्व मुठीत घट्ट धरून बसतात ते नाना लघवीतूनसुद्धा वाटून टाकतात. आणि शेवटी म्हणालो की शंभर भागांचं काम नानांच्या घरी एक्केचाळीस भाग एकटेच ओढतात. आता सांग, डॉक्टरांनी याहून वेगळं काय सांगितलं होतं? ढोलवाल्यानं जागच्या जागी नवी बिरुदावली बांधली आणि सेनापती तेनकोरांगसुद्धा उभे राहिले, ज्यांना नानांच्या कौतुकात उभं राहायला एरवी कंबर आड येते.

पोरी, कच्चा शब्द नानांपुढे ठेवायचा नसतो. कच्चा याम कोणी वाढतं का? माझ्या हातात सोन्याच्या मुठीची काठी दिली ती याचसाठी. नानांच्या बायका तीन, आणि लोक मला चौथी म्हणतात ते काय उगीच? नवऱ्याला वाईट बातमी कशी सांगावी हे चौथीला सर्वांत चांगलं येतं.

आणि सांगायचं ते कुणादेखत, याचा विचार कर. दरबारात बोललेलं सगळे ऐकतात. अंगात व्यंग असलेला माणूस आपल्या गादीवर बसू शकत नाही, हे तुला माहीत आहे. तेनकोरांगना तर पाठ आहे. राजमाता आजींकडून सांगावं म्हटलं, तर नानांना तोंडावर रागवायचा हक्क फक्त त्यांनाच आहे हे खरं, पण त्यांना ऐकू येत नसल्यामुळे त्या स्वतः जे बोलतात ते बाजारापर्यंत जातं.

त्यात वहाणांचं एक नवीनच लचांड झालंय. नानांच्या दरबारी वहाणा घट्ट होतात. वहाणा शिवणाऱ्या म्हाताऱ्या अजेईला तीनदा बोलावून झापलं. त्यानं तिसरा जोड शिवला तो बघशील तर होडीच वाटेल, आणि आठ दिवसांत तोही चावायला लागला. अजेई बिचारा स्वतःचं माप चुकतंय, डोळे गेले, हात गेला म्हणून धंदा मुलाच्या नावे करायला निघालाय. नानांचे पाय सुजलेत हे त्यालाही दिसतं, मलाही दिसतं, पंखेवाल्यालाही दिसतं. पण नानांचे पाय सुजले असं म्हणायची सोय भाषेत नाही, म्हणून सगळे म्हणतात की हल्लीचं कातडं आखडतं.

सप्टेंबरात नव्या यामचा सण. मिरवणुकीत नानांच्या पायातून वहाण निसटली तर काय होईल, सांगायला नको. गादीवरून उतरवताना आधी वहाणाच काढतात. तेनकोरांग रोज फार प्रेमानं विचारतात की वहाणा कशा आहेत.

मावशीनं आणखी भेंडी दिली आहे. माझा गुडघा त्या लाल-पिवळ्या गोळ्यांनी छान आहे. बापावर लोभ असू दे, बाकी सगळ्यांवर रागव.
तुझा बाप,
क्वासी अम्पोन्सा


कुमासी
ता. २८ जून २००६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार या वेळी ठसठशीत घातला आहे, बघून घ्या.

एक शब्दही खोटा नाही, हे कबूल. तुम्हाला खोटं बोलता येत असतं तर बरं झालं असतं, निदान पकडता तरी आलं असतं.

कातडं आखडत नाही, बाबा. मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला जमत नाही, ते पायात उतरतं. अजेईला सांगा की त्याचं माप बरोबर आहे. उद्या त्यानं धंदा सोडला तर ते पापही मी तुमच्याच नावावर टाकणार. आणि तुम्ही स्वतः त्या लाल-पिवळ्या गोळ्या खाताय हे इतक्या आनंदानं लिहून कळवलंत, धन्य आहे. फेकून द्या.

तुम्हाला समजेल असं सांगते. पामफळांचं सूप गाळायची मावशीची चाळण आठवा. नवी असते तेव्हा रस खाली आणि चोथा वर. मग वर्षानुवर्षं दाबून दाबून जाळी ताणते आणि चोथाही खाली पडायला लागतो. मग तिच्यात तेल सुकून सुकून असं काही घट्ट बसतं की रसही उतरत नाही. मूत्रपिंडात अशा लाखो चाळण्या असतात. शिकत असताना आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली एक काप दाखवला होता. चांगली गाळणी बारीक केसांच्या गुंत्यासारखी, हलकी, मोकळी दिसते. साखरेनं खाल्लेली दिसली तर तिच्यात गोल गोल गाठी, मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तशा. त्या गाठी विरघळत नाहीत. मावशी नवी चाळण आणू शकते. मामा नाही.

एक गोष्ट आठ वर्षं लिहिली नाही, ती आज लिहिते. आईलाही तुम्ही गोड करूनच सांगितलं होतं. तुझं अंग भरलंय, तू बाळसं धरलंयस, असं तुम्ही तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघून म्हणायचात आणि ती लाजायची. माझ्याकडे आली तेव्हा शंभरातले सहा उरले होते. मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. मामा तिचे धाकटे भाऊ आहेत, एवढंच सांगायला लिहिते.

दरबारात नको तर एकांतात सांगा. लहानपणी एकाच ओढ्यात पोहलात ना दोघं? मग तिथल्याच भाषेत सांगा. मला रजा मिळत नाही, नाहीतर मीच आले असते, आणि मी आले तर काय होईल हे तुम्हाला माहीत आहे.

मावशीला नमस्कार. माझ्या बोलण्याचा राग आला तरी पत्र धाडाच.
आबेना


असुबेन्सो
ता. ९ जुलै २००६

चि. आबेनास, अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पेटीत तळाशी ठेवलं. त्यावर काही लिहीत नाही.

सांगितलं. म्हणजे सांगायला गेलो. नाना मागच्या ओसरीत एकटेच बसले होते, पाय पाटावर. मी तीनदा घसा खाकरला. मनात तुझं वाक्य पाठ केलं होतं, की तुमची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. तोंड उघडलं आणि आबेना, चाळीस वर्षांची सवय कशी असते बघ, बाहेर पडलं ते असं: नाना, डॉक्टर म्हणतात की इतकं राबून तुमच्या मूत्रपिंडांना आता विश्रांतीचा मान मिळायला हवा.

मला वाटलं, वाईट नाही, यातून त्यांना अंदाज येईल. नानांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले की ठीक आहे, देऊ या विश्रांती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी निम्म्यावर आणलं आणि दाबाच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या, कारण त्यांतल्या एकीनं सारखं लघवीला जावं लागतं आणि मग मूत्रपिंडांना कसली आलीय विश्रांती.

गोळ्यांची बाटली त्यांनी सेनापती तेनकोरांगना भेट दिली. राजाची भेट परत करता येत नाही. तेनकोरांग रोज एक घेतात आणि दर तासाला दरबारातून उठतात, त्यामुळे गेल्या आठवड्यात तीन ठराव त्यांच्या विरोधाशिवाय मंजूर झाले. एवढंच काय ते चांगलं झालं.

पाय आणखी सुजले. तुझ्या डॉक्टरांच्या कंपाउंडरनं काल रक्त नेलंय. आकडा कळला की मला कळव, पण जरा जपून कळव.

तुझा,
बाबा

ता. क. आकडा छत्तीस आहे असं कंपाउंडर आत्ताच सांगून गेला. जपून कळवायची जरूर उरली नाही. लाल-पिवळ्या गोळ्या मी शेणात टाकल्या.


असुबेन्सो, राजवाडा
ता. १४ जुलै २००६

चि. आबेना हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि वाकडं आहे. ते माझं स्वतःचं आहे. डोळ्यांपुढे हल्ली माशा तरंगतात, म्हणून ओळी डोंगर चढतात. हे पत्र यावच्या यामच्या पोत्यातून येत आहे आणि तुझ्या बापाला त्याचा वासही लागता कामा नये.

तुम्हा बापलेकींचं काय चाललंय ते मला ठाऊक आहे. तो पेटी उघडी टाकून आंघोळीला जातो, आणि माझा पंखेवाला वाचता येत नाही असं सांगून चांगलं वाचतो.

आता ऐक. तुझा डॉक्टर माझ्यापासून सहा हातांवर बसून बोलत होता. त्वी भाषेत बोलत होता. त्वी मलाही येते. ती माझ्या आईची भाषा आहे, आणि माझे डोळे अधू झालेत, कान नाही. त्यानं एक्केचाळीस म्हटलं तेव्हा मला एक्केचाळीसच ऐकू आलं. घट्टे म्हटलं, मशीन म्हटलं, दोन-तीन वर्षं म्हटलं. सगळं ऐकलं. मग तुझा बाप उभा राहिला आणि त्यानं ते असं काही नेसवलं, असं सजवलं, की मला स्वतःलाच माझ्या मूत्रपिंडांचा अभिमान वाटायला लागला. मेंढरं कापायचा हुकूम मीच दिला.

तू म्हणशील की मग कळून गप्प का. रीत अशी आहे, पोरी, की माझ्या तोंडानं मला जे सांगितलं नाही ते मी ऐकलेलं नसतं. ऐकलेलं नसेल तर त्यावर मी काही करू शकत नाही. मासा बंद करायचा तर स्वयंपाकघराला कारण द्यावं लागतं. वहाणा सैल करायच्या तर अजेईला पाय मोजू द्यावा लागतो. कारण नाही, तर काही नाही. मी त्याच्या तोंडून यायची वाट बघत बसलो. त्या दिवशी ओसरीत तो तीनदा खाकरला तेव्हा मला वाटलं, आला आता. आणि त्यानं विश्रांती आणली. रागानं मी खरोखरच विश्रांती दिली. म्हातारपणी माणूस असा पोरकट होतो.

हे झालं रीतीचं. आता खरं. मला ते सोयीचं होतं. तो बोलला नाही तोवर मला काही झालेलं नव्हतं. सोन्याच्या मुठीमागे लपायला चांगली जागा असते. एकांतात विषय काढावा तर तो तुझ्या आईची आठवण येऊन रडतो, आणि मग आजारी मी आणि समजूत त्याची घालत बसतो.

माझी बहीण तुझ्या मशीनवर दोनदाच बसली. मला विचारायचं राहून गेलं, म्हणून तुला विचारतो. दुखतं का? आणि माझं किती उरलंय, किती परत मिळेल? तू गोड बोलत नाहीस अशी तुझी ख्याती आहे. ती राख.

लोभ तर आहेच, उत्तर लवकर दे.
तुझा मामा


कुमासी
ता. १९ जुलै २००६

ती. नानामामांस,
आबेनाचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग वॉर्डाच्या मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

विचारलंत त्याच क्रमानं सांगते. दुखतं का? सुई दुखते. हातातल्या रक्तवाहिनीत जाड सुई जाते, कितीदा टोचलं तरी सवय होत नाही. नंतर दुखत नाही, थकवा येतो. चार तास, आठवड्यातून तीन दिवस. त्या तीन दिवसांत तुम्ही कुमासीत असाल आणि गादी रिकामी असेल, हे तुम्हाला सुईपेक्षा जास्त दुखेल.

किती उरलंय? छत्तीस. गेलेल्यांतले दोन-तीन तुमच्या विश्रांतीनं घालवले, ते पाणी आणि गोळ्या सुरू केल्यावर कदाचित परत येतील. बाकीचे गेलेले परत येणार नाहीत. घट्टे पडलेली गाळणी पुन्हा मोकळी होत नाही, कुठल्याही औषधानं, झाडाच्या सालीनं किंवा मेंढरानं. मी तुम्हाला बरं करू शकत नाही, मामा. कोणीच करू शकत नाही.

पण छत्तीस पुष्कळ असतात. छत्तीसवर माणूस खातो, चालतो, भांडतो, न्याय देतो. प्रश्न फक्त ते किती दिवस टिकतात हा आहे. दाबाची गोळी त्या गाळण्यांवरचा ताण उतरवते, म्हणून ती चुकवायची नाही. साखर आवरायची. मीठ सोडायचं, म्हणजे खारवलेला मोमोनी मासा, बाजारातल्या मसाल्याच्या खारट वड्या आणि पायसवा मावशीचा हात, तिन्ही. दुखण्याच्या गोळ्या नाहीत. दर तीन महिन्यांनी रक्त. एवढं केलंत तर माझ्या ओळखीची माणसं दहा-दहा वर्षं तिथल्या तिथे थांबली आहेत. काही थांबली नाहीत, तेही सांगते. नाही केलंत तर दोन वर्षं, आणि मी तुमच्यासाठी मशीन राखून ठेवू शकणार नाही, कारण तिथं कुणाचाच मामा आधी जात नाही.

भीती वाटते असं तुम्ही लिहिलं नाहीत. वाटत असेल तर ती बरोबर आहे.

आता बाबांचं. त्यांना एकांतात विचारू नका. एकांतात ते आईचे नवरे होतात. दरबारात ते ओच्यामे असतात, आणि तिथं तुमचा हुकूम मोडणं त्यांना जमत नाही. डॉक्टर दापांना मी पुन्हा पाठवते. त्यांना तेच बोलू दे. फक्त या वेळी तुम्ही बाबांना हुकूम द्या की जसं आलं तसं ठेव.

तब्येतीला जपा असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिते की गोळ्या घ्या. माझ्यावरची माया अशीच वाकड्या अक्षरात येत राहू दे.
तुमची,
आबेना


असुबेन्सो
ता. २६ नोव्हेंबर २००६

चि. आबेनास,
अ. उ. आ.

चार महिने मोठं पत्र लिहिलं नाही. रागावलो होतो. तुझ्यावर आणि नानांवर, पाळीपाळीनं. पंखेवाल्याला दुसऱ्या कामावर घातलंय, हे आधी सांगतो.

तुझे डॉक्टर आले ते तुला माहीत आहे. पुढचं त्यांच्याकडून ऐकलं असशील, पण ते किनाऱ्याकडचे, त्यांना सगळं कळलं नसणार. ते बोलून थांबले. मी उठलो, काठी सावरली, आणि माझ्या तोंडात तयार होतं ते खरंच सुंदर होतं, आबेना, हत्ती आणि नदी दोन्ही होते त्यात. तेवढ्यात नानांनी पंख्याआडून सगळ्यांना ऐकू येईल असं मला सांगितलं की घडी न घालता ठेव, जसं आलं तसं.

दरबारात असा हुकूम मी कधी ऐकला नव्हता. हत्ती गिळला. मग मी म्हणालो की नाना, तुमची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, शंभरातले छत्तीस भाग उरलेत, गेलेले परत येणार नाहीत, आणि उरलेले राखले नाहीत तर तुम्ही मराल. शेवटचं वाक्य डॉक्टरांचं नव्हतं. ते आपोआप आलं.

मग अपेक्षेप्रमाणे सेनापती तेनकोरांग उठले आणि अतिशय दुःखानं म्हणाले की व्यंग असलेल्या माणसाला गादी चालत नाही, ही आपली नाही, पूर्वजांची इच्छा. त्यावर साडेतीन तास वाद झाला. मूत्रपिंड हा अवयव धरायचा की नाही? पूर्वजांनी बोटं मोजली, कान मोजले, डोळे मोजले. मूत्रपिंड कोणी मोजलं होतं? एक म्हातारा म्हणाला की माझ्या मते मला एकच आहे. दुसरा म्हणाला की तुला एकही नसेल, तू कधी बघितलंस? शेवटी राजमाता आजींना, काय चाललंय ते कोणीतरी कानात ओरडून सांगितलं. त्या त्याहून मोठ्यानं ओरडल्या की जे दिसत नाही ते व्यंग नाही, आणि ज्याला ते पटत नसेल त्यानं आधी आपलं काढून दाखवावं. तेनकोरांग बसले. बाजारात त्या दिवशी विक्री थांबली होती असं म्हणतात.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर निघायच्या आधी त्यांच्या गाडीपाशी नऊ वडीलधारे रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या हातात झाकलेली बाटली. तेनकोरांग पहिले. त्यांच्या लघवीतही सत्त्व सापडलं, नानांपेक्षा जास्त. ते आता कोणालाही अवयवांचं नाव काढू देत नाहीत. माझ्यात काही सापडलं नाही, तेव्हा पुढच्या पत्रात काळजी कमी कर.

अजेईनं नानांचे पाय दिवसाउजेडी, सुतळी लावून मोजले आणि मोजताना रडला. मिरवणूक पालखीतून झाली. वहाणा पायात राहिल्या. मावशी सूप बिनमिठाचं करते आणि खाताना सगळे गप्प असतात. नानांचे पाय निम्म्यानं उतरले. तू पाठवलेला आकडा आला तेव्हा मी तो आला तसाच वाचून दाखवला: सदतीस. परवाचाही सदतीस.

तुझ्या आईला मी सांगायला हवं होतं. तिला ऐकायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो, पण मी तिला विचारलं नव्हतं. एवढंच लिहितो.

आता एक गंमत. स्वयंपाकघराला कारण मिळालं, तसं गोळीलाही मिळालं. नाना काही पितात तेव्हा शिंग फुंकायची रीत आहे, म्हणून रोज सकाळी सातला नाना दाबाची गोळी पाण्याबरोबर घेतात तेव्हा शिंगवाला अंगणात शिंग फुंकतो. ते गावभर ऐकू जातं. गावात गोळ्यावाले किती निघाले, विचारू नकोस. शिंग वाजलं की दारोदार माणसं तांब्या तोंडाला लावून उभी असतात. शाळामास्तरीण तर घड्याळ त्यावर लावते.

काल शनिवारी शिंगवाला शेजारच्या गावी मयताला गेला. मयतं सगळी शनिवारीच, कोण गावात असतं? सात वाजले, साडेसात वाजले. नाना गोळी तळहातावर घेऊन बसलेले. शिंगाशिवाय कसं घ्यायचं? मी म्हटलं, दुसरा कोणी फुंकेल. नाना म्हणाले की तो मान त्याच्या घराण्याचा आहे. नऊ झाले. गोळी घामानं विरघळायला लागली. कुंपणापलीकडे माणसं तांबे घेऊन ताटकळलेली, आत वडीलधारे मान खाली घालून बसलेले, आणि नानांच्या तोंडावर मला तेच दिसलं जे ओसरीत पाहिलं होतं आणि ओळखलं नव्हतं. रीतीमागे लपलेला घाबरलेला माणूस.

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली. सगळ्यांदेखत, नाना न म्हणता, अहोजाहो न करता, ओढ्यात पोहतानाच्या नावानं, पोटातून ओरडलो की गीळ ती, क्वाकू.

त्यांनी गिळली. कुंपणापलीकडून तांब्यांचे आवाज आले.

भेंडी पाठवत नाही, संपली. तुझा धाक आहे तोवर आम्ही आहोत, तो कमी करू नकोस.
तुझा बाप,
क्वासी